मदत हवी आहे: जी-टी जोडी एका रचनेत वाकडी, दुसऱ्यात सरळ, असं का?

नमस्कार मंडळी,

एम.एस्सी.च्या सेमिनारला 'डीएनए पॉलिमरेजच्या चुका' (डीएनएची नक्कल करणारं हे एन्झाइम कधीकधी चुकीचा बेस जोडतं) हा विषय घेतलाय आणि एका जागी घोडं अडलंय. स्ट्रक्चरल बायॉलॉजीवाले कुणी असतील तर जरा हात द्या.

२००४ मध्ये जॉन्सन आणि बीस या संशोधकांनी बॅसिलस जिवाणूच्या पॉलिमरेजमध्ये बाराच्या बारा बेमेळ जोड्या (म्हणजे ए-टी, जी-सी सोडून बाकीच्या) स्फटिकात पकडल्या. त्यातली जी-टी पाठ्यपुस्तकातल्यासारखी वॉबल (वाकडी) आहे: टी मेजर ग्रूव्हकडे (डीएनएच्या रुंद खाचेकडे) सरकलेला, हायड्रोजन बंध दोनच. चूक चार जोड्या मागे गेली तरी एन्झाइम अडखळतं, हे तर मला फारच आवडलं.

पण २०११ मध्ये माणसाच्या पॉलिमरेज लॅम्डाच्या एका बदललेल्या रूपात साच्यातला (ज्या धाग्याची नक्कल होते त्यातला) टी आणि आत येणारा डीजीटीपी (जी बेस असलेला सुटा घटक) चक्क वॉटसन-क्रिक ढंगात, म्हणजे बरोबर जोडीसारखे सरळ, बसलेले आहेत. पायमॉलमध्ये (रेणूंची रचना दाखवणारं सॉफ्टवेअर) ही जोडी बरोबर असलेल्या जी-सी जोडीवर ठेवून पाहिली, जवळजवळ तंतोतंत बसते! मग खरं कोणतं धरायचं? आणि ही सरळ जोडी टॉटोमरमुळे (बेसमधल्या प्रोटॉनने जागा बदलून झालेलं रूप) की बेसवर ऋण भार आल्यामुळे? सर म्हणतात "टॉटोमर लिहून टाक", पण परीक्षकांनी खोदून विचारलं तर काय सांगू?

प्रतिसाद:
दोन्ही खरी आहेत, क्षण वेगळे आहेत. २००४ च्या रचनांमध्ये बंध जुळून गेलाय, चुकीचा बेस प्रायमरच्या (वाढत्या नव्या धाग्याच्या) टोकाला चिकटलाय. लॅम्डाच्या रचनेत तो अजून जोडायचाय. त्या घडीला एन्झाइम जोडीचा आकार तपासतं, त्यामुळे निसटायचं तर जोडीला सरळ दिसणं भाग आहे. एकदा जोडला गेला की वॉबल व्हायला मोकळा.

टॉटोमर की आयन, हे त्या स्फटिकावरून ठामपणे सांगू नकोस. दोन आँगस्ट्रॉमच्या आसपासच्या क्ष-किरण रचनेत हायड्रोजन दिसत नाहीत, आणि इथे सगळा वाद एका प्रोटॉनचा आहे. एनएमआरवरचं (चुंबकीय क्षेत्र वापरून रेणू तपासायचं तंत्र) काम वाच. अल-हाशिमी यांच्या गटाने २०१५ मध्ये 'नेचर'मध्ये दाखवलं की नुसत्या डीएनएतही वॉबल जी-टी अगदी थोडा वेळ सरळ होते, कधी ईनॉल (म्हणजे टॉटोमर) रूपाने, कधी ऋणायन (ऋण भाराच्या) रूपाने. पीएच वाढवला की ऋणायनाचा वाटा वाढतो. २०१८ चा पुढचा पेपर हेच चुकीच्या बेसच्या भरतीशी जोडतो. तेव्हा "दोन्ही, पीएचनुसार" हे उत्तर सरांसमोरही टिकेल.

धागाकर्ती:
खूप आभार! मग बीस यांच्याच गटाची २०११ ची सरळ सी-ए जोडी पण टाकू का?

प्रतिसाद:
टाक की. फक्त ती मँगनीज असताना मिळाली आहे हे त्याच स्लाइडवर लिही. मॅग्नेशियमच्या जागी मँगनीज आलं की पॉलिमरेज जास्त चुका करतात, आणि परीक्षक पहिलं बोट तिथेच ठेवतील.