‘खुदकन’ आणि ‘खुसुखुसू’ हसण्यात फरक काय?

प्रश्न: सातवीच्या मुलांसाठी कथा लिहितेय. मागच्या बाकावरच्या दोघी मैत्रिणी तास चालू असताना तोंडावर वही धरून हसतात, असा प्रसंग आहे. मी ‘खुदकन हसल्या’ लिहिलं. नवरा म्हणतो, ‘खुसुखुसू’ हवं. कोणतं बरोबर?

प्रतिसाद १: तुमच्या मिस्टरांचं बरोबर आहे. खुदकन म्हणजे एकदाच, अचानक निसटलेलं छोटंसं हसू. खुसुखुसू मात्र चालूच राहतं: दाबून धरलेलं, खांदे हलताहेत, एकीचं थांबलं की दुसरीचं सुरू. तोंडावर वही आली म्हणजे हेच. ‘फिदीफिदी’ मात्र अजिबात नको. त्यात दात दिसतात, शिवाय सांगणाऱ्याचा रागही दिसतो.

प्रतिसाद २: ‘गालातल्या गालात’ या दोन्हींहून वेगळं. त्याला आवाजच नसतो, आणि हसणाऱ्याला बहुधा काहीतरी ठाऊक असतं. बाईंनी सगळं पाहिलं पण ओरडल्या नाहीत, तर त्या तशा हसतील. भरताच्या नाट्यशास्त्रात हास्याचे सहा प्रकार दिलेत: स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित, अतिहसित. स्मितात दात दिसत नाहीत, हसितात किंचित दिसतात. किती बारकाईने पाहिलंय! मला हे फार आवडतं.

प्रश्नकर्ती: बाईंचं वाक्य घेतेच. पण मला ‘खुदकन’ सोडवत नाही हो. कुठे बसेल?

प्रतिसाद १: बाई फळ्याकडे वळल्या, सगळं शांत झालं, तेव्हा. ‘दोघींपैकी एक खुदकन हसली आणि पकडली गेली.’