टेली लेन्स आणि फ्लॅश मावेल अशी छोटी बॅग सुचवा (वारीसाठी)

पायीपायी

नमस्कार मंडळी, गेली दोन वर्षं माउलींच्या पालखीबरोबर पुणे ते सासवड हा एक टप्पा चालतोय, फोटो काढत काढत. यंदा जरा नीट तयारीने जायचं ठरवलंय आणि गाडं बॅगेवर अडलंय.

सामान असं: कॅनन ८०डी कॅमेरा, त्यावर १८-१३५ लेन्स, मग ७०-२०० एफ/४ आयएस (हीच ती टेली, म्हणजे लांबचं जवळ आणणारी लेन्स; पांढरी, जुनी, सेकंडहँड घेतलेली) आणि गोडॉक्सचा टीटी६८५ फ्लॅश. बस्स. लॅपटॉप नाही, ट्रायपॉड नाही, ड्रोन तर नाहीच नाही.

माझ्याकडे मोठी बॅकपॅक आहे, गेल्या वर्षी तीच नेली होती. दिवे घाटात अशी वेळ आली की लेन्स बदलायची तर बॅग काढून ठेवायची कुठे, खाली सगळा चिखल, मागून दिंडी येतेय, टाळवाले जवळजवळ अंगावर. शेवटी एका आजोबांनी आपणहून बॅग धरली. मी लेन्स लावून वर बघतोय तर दिंडी पुढे गेलेली आणि आजोबा पण बॅगेसकट दिंडीबरोबर पुढे! पळत जाऊन गाठलं तर हसत होते, म्हणाले, "माउली, एवढं ओझं घेऊन कुठं निघालात."

तर आता छोटी, खांद्याला किंवा कमरेला लावायची, चालता चालता उघडता येईल अशी बॅग हवीय. बजेट तीन हजारापर्यंत. ऑनलाइन बघून बघून डोकं आउट झालंय, सगळ्या सारख्याच दिसतात आणि प्रत्येकीत म्हणे "टेली लेन्स मावते".

बारा_गावचं_पाणी

टॉपलोडर घ्या. म्हणजे ती वरून उघडणारी, बंदुकीच्या म्यानासारखी असते ती. ७०-२०० लावलेला कॅमेरा तसाच उभा आत जातो, झाकण उघडलं की थेट हातात. मी भिगवणला होडीत तीच वापरतो, बाकी कशाची गरज पडत नाही.

पायीपायी

टॉपलोडर दुकानात हातात घेऊन बघितली. कॅमेरा आणि टेली बरोबर बसतात पण मग फ्लॅश आणि १८-१३५ कुठे? बाजूच्या खिशात फ्लॅश अर्धा बाहेर डोकावत होता, दुकानदार म्हणाला "चालतंय की". पावसात कसं चालेल?

मोजपट्टी

आधी एक साधा प्रश्न. चालताना कॅमेरा कुठे असणार आहे? गळ्यात ना? मग बॅगेत कॅमेऱ्याची जागा कशाला शोधताय. बहुतेक लोकांची इथेच गल्लत होते, आपण सगळं सामान बेडवर मांडतो आणि त्या सगळ्याच्या मापाची बॅग शोधतो, आणि प्रत्यक्षात कॅमेरा आणि एक लेन्स दिवसभर हातात असतात. बॅगेत फक्त उरलेलं जायचं असतं. कॅमेरा आत ठेवायचा फक्त सकाळी घरून निघताना आणि रात्री परत येताना, त्याला कुठलीही साधी सॅक आणि एक टॉवेल पुरतो.

आता मापं बघा. ७०-२०० एफ/४ आयएस कंपनीच्या कागदावर १७२ मिमी लांब, ७६ मिमी जाड आहे. पण तुम्ही ती दोन्ही झाकणं लावून ठेवणार, म्हणजे धरा १९ सेमीच्या आसपास. हूड (लेन्सच्या तोंडावर ऊन अडवायला लावतात ती झापड) उलटा करून लावलात की जाडी वाढते, ती घरी पट्टीने मोजा, अंदाज करू नका. झूम करताना ही लेन्स लांब होत नाही, सगळं आतल्या आत हलतं, ही एक चांगली गोष्ट. आणि टीटी६८५ किती उंच? साधारण १९ सेमीच. म्हणजे दोन्ही वस्तू एकाच उंचीच्या, शेजारी शेजारी उभ्या राहतात. आतून २० सेमी उंच, १० सेमी खोल आणि साधारण २० सेमी रुंद एवढा खोका तुम्हाला हवाय. आता सांगा ही कशाची मापं झाली?

ऑफिसच्या डब्याच्या पिशवीची! मस्करी नाही करत. घरातला बुटांचा खोका घ्या, कापून या मापाचा करा, लेन्स आणि फ्लॅश उभे करून बघा, मग तो खोका काखेत धरून घरात दोन चकरा मारा. दोन मिनिटांत कळेल की हे कमरेवर झेपेल की खांद्यावर.

आणि ऑनलाइन बघताना "आतलं माप" लिहिलंय का ते बघाच. मी एकदा नुसतं माप बघून मागवली, लेन्स आत गेली पण चेन काही लागेना, कारण दिलेलं माप बाहेरचं होतं आणि दोन्हीकडचा फोम मिळून तीन सेमी खाऊन गेला. विकणारा म्हणे बॅगेत दोष नाही, परत घेणार नाही. आता त्या बॅगेत आमच्याकडे कांदे असतात.

निवांत_नाशिक

वरचं सगळं मान्य पण मोजपट्टी साहेब एक गोष्ट विसरले. दोन कप्पे केले तर लेन्स बदलणार कशी? गळ्यातल्या कॅमेऱ्यावर १८-१३५ आहे, बॅगेत टेली. टेली काढायला आधी १८-१३५ कुठेतरी ठेवायला पाहिजे ना, आणि तिची जागा तर टेलीने अडवलेली. मग माणूस एक लेन्स काखेत, एक दातात (हसू नका, झाकण खरंच दातात धरतात लोक) अशी सर्कस करतो. म्हणून एक कप्पा कायम रिकामा पाहिजे. काढलेली लेन्स रिकाम्या कप्प्यात, दुसरी तिच्या कप्प्यातून कॅमेऱ्यावर, आता तिचा कप्पा रिकामा. असं ते फिरत राहतं. १८-१३५ ची जाडी टेलीएवढीच आहे जवळजवळ, त्यामुळे लेन्सचे दोन कप्पे सारखेच करा, तिसरा फ्लॅशचा. रुंदी २० ची २७-२८ होईल पण आयुष्य सुखाचं होईल.

आणखी एक, वेल्क्रोचं झाकण नको. पक्ष्यांच्या जागी तर नकोच नको, एकदा चर्रर्र झालं की सगळं झाड रिकामं. चेन किंवा बक्कल घ्या.

मोजपट्टी

तिसऱ्या कप्प्याचं एकदम पटलं. माझ्याकडे दोन कॅमेरे असतात त्यामुळे डोक्यातच आलं नाही. दुरुस्ती मंजूर.

इंद्रायणीकाठ

अवांतर होतंय पण विचारतो, वारीत फ्लॅश कशाला? ढगाळ हवेत काय सुंदर मऊ उजेड असतो. लोक भजनात तल्लीन आणि तुम्ही त्यांच्या तोंडावर खाडकन वीज पाडणार, मला तरी बरं वाटत नाही. फ्लॅश घरी ठेवा, बॅगेचा प्रश्न निम्मा मिटेल.

पायीपायी

@इंद्रायणीकाठ, ढगाळ असेल तर फ्लॅश बाहेर काढतच नाही. पण दुपारी ऊन आलं की टोपी आणि फेट्याखाली डोळ्यांच्या जागी नुसत्या काळ्या खाचा येतात. तेव्हा अगदी कमी पॉवरवर, दीड-दोन स्टॉप खाली आणून (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा) मारतो, समोरच्याला कळतही नाही बहुतेक वेळा. भर उन्हात शटर १/२५० सेकंदापेक्षा वेगात न्यायचं म्हणून हायस्पीड सिंक (एवढ्या वेगवान शटरलाही फ्लॅश चालायची सोय) लागतं, आणि ते कॅमेऱ्यावरच्या छोट्या फ्लॅशने होत नाही. आणि कोणी नको म्हणालं तर नको, तेवढं कळतं. घोड्यांच्या जवळ तर फ्लॅश बंदच असतो.

इंद्रायणीकाठ

मग हरकत नाही. राम कृष्ण हरी.

फणसाची_आठळी

मी रत्नागिरीची, त्यामुळे पावसाबद्दल बोलायचा हक्क माझा. :)

बॅगेबरोबर रेन कव्हर येतं ते घ्याच पण त्याच्यावर विसंबू नका, कारण ते बाहेरून झाकतं आणि पाठीच्या बाजूने, पट्ट्याच्या शिवणीतून पाणी आत येतंच. मी आत प्रत्येक वस्तूला वेगळी जाड प्लास्टिकची पिशवी करते, चेनवाली, फ्रीजरमधे मटार ठेवतो तसली. दिसायला गावठी पण फ्लॅशला पाणी लागून बंद पडण्यापेक्षा बरी. बॅगेचा तळ ताडपत्रीसारख्या कापडाचा असेल तर उत्तम, कारण कितीही ठरवलं तरी चहाच्या टपरीवर आपण ती खाली ठेवतोच.

फ्लॅशचे सेल चालताना काढून वेगळे ठेवा किंवा निदान बटण आत दाबलं जाणार नाही असा ठेवा. माझा एकदा बॅगेत आपोआप चालू झाला, बसच्या प्रवासात तापत राहिला, उघडून बघितलं तर चारही सेल गरम आणि रिकामे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, घरी आल्यावर लेन्स बॅगेत ठेवायची नाही. नाही म्हणजे नाही. तो फोम ओल धरून ठेवतो, वरून कोरडा लागतो आणि आतून ओला असतो. माझ्या ५५-२५० लेन्समधे अशीच फंगस (बुरशी) आली, अगदी कोळ्याच्या जाळ्यासारखी पांढरी नक्षी, आधी वाटलं केस आहे म्हणून पुसत बसले. तेव्हापासून लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात, बरोबर सिलिका जेल (ओल शोषणाऱ्या पुड्या) आणि आत एक छोटा आर्द्रतामापक, काटा ४० ते ५० मधे ठेवायचा. बॅग पंख्याखाली उघडी.

बारा_गावचं_पाणी

एवढं सगळं करून शेवटी तीन हजारात अशी बॅग मिळणार कुठे ते कोणी सांगितलंच नाही. :D

निवांत_नाशिक

तयार मिळणं कठीणच. शिवून घ्या. पुण्यात असाल तर रविवार पेठेत बोहरी आळीच्या आसपास चक्कर मारा, नाहीतर कुठलाही बॅगा रिपेअर करणारा कारागीर पकडा. ऑफिस बॅगेसारखी साधी दिसणारी शिवा, काळी किंवा मळखाऊ. गर्दीत कॅमेऱ्याची बॅग म्हणून ओळखूच आली नाही पाहिजे. आतल्या पार्टिशनला जुनी योगा मॅट कापा, दोन थर चिकटवा, वरून मऊ कापड. पट्टा रुंद घ्या, गाडीच्या सीटबेल्टसारखा, दोरीसारखा बारीक पट्टा सासवडपर्यंत खांदा कापतो. आणि कमरेला दुसरा पट्टा लावाच, नाहीतर वाकलात की बॅग पुढे येऊन गुडघ्यावर आपटते.

मोजपट्टी

वजन पण सांगून ठेवतो. टेली ७६० ग्रॅम, फ्लॅश सेल धरून अर्ध्या किलोच्या थोडा वर, म्हणजे सगळं मिळून सव्वा किलोच्या जरा पुढे. बॅग स्वतःच एक किलोची नको. बऱ्याच तयार बॅगा रिकाम्याच जड असतात.

पायीपायी

मंडळी अपडेट. बुटांचा खोका कापून केला, काखेत धरून घरात चकरा मारल्या, बायको म्हणाली आता हेच बघायचं राहिलं होतं. मग तोच खोका घेऊन कारागिराकडे गेलो, कागदावर मापं दिली असती तर त्याने नक्कीच त्याच्या मनाने शिवली असती. खोका बघून तो म्हणाला "म्हणजे टिफिन बॅग ना?" मी म्हटलं हो, टिफिन बॅगच.

जाड कॅनव्हास, तळाला ताडपत्री, तीन कप्पे, वर दोन तोंडांची चेन, खांद्याचा पट्टा आणि कमरेचा पट्टा. योगा मॅट घरचीच दिली (ती कोणी वापरत नव्हतं). साडेनऊशे रुपये घेतले आणि चार दिवस लावले. पहिल्यांदा मधलं पार्टिशन दीड सेमी कमी उंच झालं होतं, फ्लॅशचं डोकं लेन्सवर आपटत होतं, ते त्याने समोर बसून बदलून दिलं.

रविवारी पर्वतीवर जाऊन ट्रायल घेतली. पायऱ्या चढता चढता, न थांबता, दोन वेळा लेन्स बदलली. दातात काही धरावं लागलं नाही. आठळीताई, मटारच्या पिशव्या पण आणल्या.

फणसाची_आठळी

फोटो टाका की बॅगेचा!

पायीपायी

टाकतो उद्या. आत्ता बायको ती घेऊन भाजीला गेलीय. जाताना विचारत होती हा मधला कप्पा रिकामा का, मी सगळं समजावून सांगेपर्यंत तिने त्यात छत्री ठेवली.