स्नेक आइजला बोलता करून काय मिळवलं?

जुना_जोप्रेमी

जी.आय. जोचे तीन मोठे सिनेमे आले: २००९, २०१३ आणि २०२१ मध्ये. तिन्ही पाहिले, तिन्ही वेळा चिडलो. सिनेमा फसला म्हणून राग नाही, फसलेले सिनेमे माणूस आठवड्यात विसरतो. राग याचा, की ज्यांच्या हाती ही पात्रं सोपवली त्यांनी ती मुळातून वाचलेली दिसत नाहीत.

ज्यांना ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हॅस्ब्रो या अमेरिकी खेळणी-कंपनीने १९६४ मध्ये जी.आय. जो नावाचा बारा इंची खेळण्यातला सैनिक काढला. १९८२ मध्ये तोच पावणेचार इंची सैनिकांचं पथक होऊन परत आला, आणि समोर कोब्रा नावाची दहशतवादी संघटना उभी राहिली. त्याच वर्षी मार्व्हलचं कॉमिक सुरू झालं. १९९४ पर्यंत त्याचे १५५ अंक निघाले आणि जवळजवळ सगळे लॅरी हामाने लिहिले. पाकिटामागची फाइल कार्डंही त्याचीच. हामा व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकी सैन्यात होता, म्हणून त्या कार्डांवर नुसत्या पराक्रमाच्या गोष्टी नसत. माणूस कुठल्या गावचा, हुद्दा काय, पहिलं काम काय, दुसरं काय, असं सगळं रीतसर लिहिलेलं असे. आमच्या पिढीला जी.आय. जो भेटला तो फनस्कूल या भारतीय कंपनीच्या पाकिटातून. ते कार्ड कात्रीने कापून जपून ठेवणारी मुलं तेव्हा प्रत्येक सोसायटीत होती.

आता स्नेक आइज, जो पथकातला काळ्या पोशाखातला मुका निंजा. त्याच्या कार्डावर नावही गोपनीय आणि जन्मगावही गोपनीय. कॉमिकमधला हा माणूस व्हिएतनामहून परततो तेव्हा घरचे अपघातात गेलेले असतात. पुढे पथकातल्या स्कार्लेटला वाचवताना हेलिकॉप्टरच्या स्फोटात त्याचा चेहरा जातो, आवाज जातो. १९८४ च्या २१व्या अंकात हामाने एकही संवाद लिहिला नाही. एक शब्द नाही, नुसती चित्रं, आणि शेवटच्या पानावर कळतं की स्नेक आइज आणि त्याचा शत्रू स्टॉर्म शॅडो यांच्या हातावर एकच खूण गोंदलेली आहे. मूळ गोष्टीचा सगळा जीव या अबोलपणात आहे.

२००९ मध्ये त्याच्या मुखवट्याला ओठ कोरले. २०२१ मध्ये तर मुखवटाच काढला. पहिल्यापासून बोलतो, चेहरा दाखवत फिरतो, शिवाय जादूचा मणी आणि अजस्र साप. कोब्रा कमांडरचं तेच. हामाचा कमांडर हा जुन्या गाड्या विकणारा माणूस. सरकारवर आणि व्यवस्थेवर चिडलेला, लोकांच्या रागाचं भांडवल करून वर आलेला. असा माणूस आपल्या आसपासही असू शकतो, म्हणून त्याची भीती वाटते. २००९ च्या सिनेमात तो बॅरोनेसचा हरवलेला भाऊ निघाला, प्रयोगशाळेतला शास्त्रज्ञ. आणि बॅरोनेस, जी स्वतःच्या मर्जीने कोब्रात आली होती, तिच्या मेंदूवर यंत्रांचा ताबा असल्याचं दाखवून तिला निर्दोष ठरवलं. खलनायकांची खलनायकी काढून घेतली की नायक कुणाशी लढणार?

खेळण्यांबद्दलही बोलायचंय. जुनी फिगर पाठीतला एक स्क्रू काढला की उघडायची. आत रबरी रिंग आणि धातूचा आकडा. रिंग तुटली तर नळाच्या सामानाच्या दुकानातून तशीच आणून बसवता यायची. २००७ मध्ये ती रचना गेली. २०२० पासूनची क्लासिफाइड मालिका सहा इंची, सुबक, पण पाकिटात बंद ठेवून भाव वाढण्याची वाट पाहायची वस्तू झाली. त्यातला 'कोब्रा आयलंड' हा संच अमेरिकेतल्या एकाच दुकानसाखळीला दिला, तर दलालांनी तो आल्या आल्या उचलला. मोठी वाहनं आता आगाऊ पैसे भरून मिळतात. २०२१ चं स्कायस्ट्रायकर विमान २३० डॉलर, २०२२ चा हिस रणगाडा ३०० डॉलर. यात पोराने खेळायचं कधी?

काळी_चौकट

दादा, तुमचं प्रेम समजतं, पण इतिहास तुम्ही अर्धाच सांगताय.

स्नेक आइज काळा का? १९८२ च्या पहिल्या तुकडीत रंगकामाचा खर्च आटोक्यात ठेवायचा होता. एक फिगर रंगवायचीच नाही असं ठरलं आणि काळ्या प्लास्टिकमधून ती जशी निघाली तशी पाकिटात गेली. चेहरा नाही कारण चेहऱ्याला रंग लागतो. हामाने कथा नंतर रचली. म्हणजे ज्या पात्राला तुम्ही मुळापासून पवित्र मानता ते हिशेबाच्या वहीत जन्मलं.

कॉमिकचंही तेच. तेव्हा अमेरिकेत खेळण्याच्या टीव्ही जाहिरातीत ॲनिमेशन किती दाखवायचं यावर बंधनं होती. हॅस्ब्रोने मार्ग काढला, जाहिरात खेळण्याची न करता कॉमिकची केली. कॉमिकच्या जाहिरातीत ॲनिमेशन हवं तेवढं चालत होतं. तेव्हा बाजार आत्ता घुसला असं म्हणू नका. बाजार पहिल्या दिवसापासून घरात आहे.

आणि जुन्या काळात तरी पात्रं कुठे सांभाळली? १९८७ च्या ॲनिमेशनपटात कोब्रा-ला नावाची सर्पमानवांची प्राचीन संस्कृती आणली आणि कमांडरचा शेवटी साप केला. जो पथकाचा नेता ड्यूक मरणार होता. पण आदल्या वर्षी ट्रान्सफॉर्मर्सच्या सिनेमात नायक ऑप्टिमस प्राइम मेला आणि मुलं रडली, म्हणून ड्यूक कोमात गेल्याचं संवादातून सांगून टाकलं. १९९१ ला इको-वॉरियर्स, १९९३ ला अंतराळातली स्टार ब्रिगेड, भडक केशरी आणि पोपटी रंगांत. हे सगळं तुमच्या लाडक्या काळातलंच आहे.

जुना_जोप्रेमी

@काळी_चौकट, तुम्ही दिलेलं प्रत्येक उदाहरण माझ्या बाजूचं आहे.

रंगाचे पैसे नव्हते, म्हणून चेहरा नाही. हामाने त्या अडचणीचं काय केलं ते बघा. चेहरा का नाही, आवाज का नाही, याला कारण दिलं, दुःख दिलं, एक मैत्रीण दिली, एक भाऊ म्हणावा असा शत्रू दिला. कंपनीने कंजुषी केली आणि लेखकाने त्यातून माणूस उभा केला. २०२१ मध्ये पैसा होता, नट होते, जपानमधलं चित्रीकरण होतं, आणि हातात चाळीस वर्षं लोकांनी जपलेला माणूस होता. त्यांनी त्याचं वेगळेपणच काढून टाकलं. धंदा दोन्हीकडे आहे हे मला कुणी सांगायला नको. लेखकाला कामाची जागा तेव्हा मिळाली, आता मिळत नाही, हा माझा मुद्दा.

कोब्रा-लाबद्दल तर जुने चाहते आजही चिडतात. तेव्हा माझा राग वयाचा किंवा 'आमच्या वेळी' छापाचा नाही. पात्राशी बेइमानी १९८७ ची असो की २०२१ ची.

पडदाप्रेमी

२०१३ च्या सिनेमाचा उल्लेख वर एका ओळीत उरकलाय, तो थोडा थांबून बघण्यासारखा आहे. त्यात डोंगरकड्यावर दोरांना लटकून होणारी मारामारी आहे. स्नेक आइज आणि त्याची निंजा साथीदार जिंक्स बेशुद्ध स्टॉर्म शॅडोला घेऊन कडा उतरतात आणि लाल पोशाखातले निंजा मागे लागतात. त्या प्रसंगात संवाद जवळपास नाहीतच. माझ्या मते तिन्ही सिनेमांत मिळून तेवढीच काही मिनिटं हामाच्या २१व्या अंकाच्या जवळ जातात. म्हणजे मुका नायक पडद्यावर चालतो, हे त्याच लोकांनी दाखवून दिलंय.

पण २०२१ च्या बाबतीत मी तुमच्या विरोधात आहे. तो उगमाचा सिनेमा आहे. अपघाताच्या आधी स्नेक आइज बोलतच होता ना? कॉमिकमध्येही अराशिकागे या निंजा घराण्यात शिकताना तो बोलतो. मग पहिल्या भागात बोलला तर बिघडलं कुठे?

जुना_जोप्रेमी

@पडदाप्रेमी, कड्याचा प्रसंग मलाही फार आवडतो.

उगमाचं म्हणाल तर, कुणाचा उगम? उगम म्हणजे जो माणूस आपल्याला माहीत आहे तो तसा कसा झाला याची गोष्ट. या सिनेमाच्या शेवटी तो काळा पोशाख चढवतो, पण आवाज शाबूत, चेहरा शाबूत. ज्या जखमेने तो स्नेक आइज झाला ती जखम कथेत कुठेच नाही. पुढच्या भागासाठी राखून ठेवली म्हणावं, तर पुढचा भाग आलेला नाही. सगळं उद्यावर ढकलायचं आणि आजचं तिकीट मात्र पूर्ण घ्यायचं, ही सवय मला सर्वांत जास्त खटकते.

मडगावकर

संग्राहकांवर टीका झाली म्हणून लिहितो, मी स्वतः संग्राहक आहे.

फनस्कूल ही एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांनी १९८७ मध्ये मिळून काढलेली कंपनी, आणि तिचा कारखाना आमच्या गोव्यात. हॅस्ब्रोचे साचे इकडे यायचे, पण रंग बऱ्याचदा वेगळे. अमेरिकेत हिरवा दिसणारा गडी इथे भलत्याच रंगात निघायचा. १९९४ मध्ये हॅस्ब्रोने तिकडची मालिका थांबवली, पण इथे पाकिटं विकली जातच होती. मग अमेरिकेतले संग्राहक भारतीय पाकिटं मागवू लागले. ज्या फिगरला आपण गल्लीत चिखलात लोळवलं ती आज तिकडे ग्रेडिंग करून, म्हणजे स्थिती तपासून गुण देऊन, ॲक्रिलिकच्या पेटीत आहे. याचा मला अभिमान वाटतो, त्रास होत नाही.

आता मुख्य गोष्ट. १९९४ नंतर जी.आय. जो जिवंत कुणी ठेवला? मोठ्या झालेल्या, स्वतःच्या पगारातून खरेदी करणाऱ्या माणसांनी. २०१० मध्ये आयडीडब्ल्यू या कॉमिक प्रकाशकाने हामाला परत बोलावून जुन्या क्रमांकापासूनच कॉमिक पुढे सुरू केलं. २०२३ मध्ये स्कायबाउंड या दुसऱ्या प्रकाशकाने तेच ३०१व्या अंकापासून हाती घेतलं, हामासकट. तुम्ही म्हणता तशी लेखकाला जागा मिळाली, ती पाकीट न उघडणाऱ्यांच्या पैशातून. संग्राहक वजा केला तर हामाची पुढची शंभर-दीडशे पानं नव्हे, शंभर-दीडशे अंक वजा होतात.

रेवाची_आई

मी या विषयात नवीन आहे. नवरा जोवाला आणि मुलगी त्याच्यामुळे. तिची बाजू इथे कुणी मांडत नाही म्हणून लिहिते.

तिला २०२१ चा सिनेमा आवडला. अजगर आवडले, मोटरसायकली आवडल्या. तिला कुणी सांगितलेलं नाही की स्नेक आइज मुका असायला हवा. तिची आवडती स्कार्लेट. १९८२ च्या पहिल्या तुकडीत स्कार्लेट ही एकच बाई होती, असं नवरा सांगतो. पुढे बॅरोनेस, लेडी जे आल्या, पण मुलग्यांच्या खेळण्यांत बायका नेहमी मोजक्याच. २०२० च्या नव्या मालिकेत पहिल्याच खेपेत स्कार्लेट आहे, चांगली घडवलेली आहे, आणि माझी मुलगी तिच्याशी रोज खेळते. पाकीट पहिल्याच दिवशी फाडलं. पोराने कधी खेळायचं हा प्रश्न वर आहे, त्याचं हे उत्तर.

महागाईचा दोष मात्र सगळा अमेरिकेतल्या कंपनीवर टाकू नका. आपल्याकडे आयात खेळण्यांवरचं सीमाशुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७० टक्के. जानेवारी २०२१ पासून बीआयएसची, म्हणजे सरकारी मानक संस्थेची, खूणही सक्तीची. नियमामागचा हेतू चांगला असेल, पण वीस-पंचवीस डॉलरची बाहुली मुंबईत घरी येईपर्यंत केवढ्याला पडते ते आईबापांना विचारा. मी ज्या विक्रेत्याकडून मागवली त्याने शुल्काचा आकडा आधी सांगितलाच नव्हता, पार्सल दारात आल्यावर कळला.

जुना_जोप्रेमी

रेवाची आई, पाकीट फाडलंत, फार चांगलं केलंत. तुमच्या मुलीला सिनेमा आवडला यात तिचं काहीच चुकत नाही. माझं भांडण बघणाऱ्यांशी नाही, बनवणाऱ्यांशी आहे. तिला आत्ता जे मिळालं त्यापेक्षा चांगलं मिळू शकलं असतं, आणि ते आधीच लिहून तयार होतं.

@मडगावकर, हामाचे नवे अंक संग्राहकांमुळे आले हे खरं. पण बघा, लेखन चाळिशी-पन्नाशीच्या वाचकांसाठी कॉमिकमध्ये कोंडून ठेवलं आणि नव्या मुलांसमोर सिनेमा ठेवला लेखनाशिवायचा. दोन्ही एकत्र का नाही? ज्या कंपनीकडे हामा आहे तिने सिनेमाच्या कथेसाठी दुसरीकडे का शोधावं?

काळी_चौकट

सिनेमाबद्दल तुमचं म्हणणं बरंच पटलं. अपघातच नसलेला उगम, हा मुद्दा मी असा पाहिला नव्हता.

खेळण्यांबद्दल अजिबात नाही. ज्या २३० डॉलरच्या स्कायस्ट्रायकरवर तुम्ही टीका केलीत त्याच्याचसोबत पावणेचार इंची, रबरी रिंगवाल्या फिगर्स परत आल्या. लोकांनी आगाऊ पैसे भरले म्हणून आल्या. नंतर त्या पद्धतीच्या फिगर्स वेगळ्याही विकल्या गेल्या. पाठीत तोच स्क्रू आहे. आणि क्लासिफाइडची कोपरं, गुडघे, मनगटं हातात घेऊन वळवून बघा. १९८२ ची फिगर आधी दंडातून हात फिरवू शकत नव्हती, तो बदल १९८३ मध्ये झाला, आणि तेव्हाही कुणीतरी जुनीच बरी म्हटलं असणार. ठाण्यात असाल तर पुढच्या रविवारी भेटू. माझ्याकडे नवा स्नेक आइज उघडा आहे, तुमचा फनस्कूलचा घेऊन या. मडगावकरांकडच्या रंगांचे फोटोही इथे टाका, मला तो भलत्या रंगाचा गडी कोणता ते बघायचंय.