विषय: खिडक्या बदलायच्या आहेत, कोटेशनमध्ये काय बघायचं?

नमस्कार मंडळी,

मिनेसोटातल्या मेपल ग्रोव्हमधलं आमचं घर १९८६ चं, खिडक्याही तेव्हाच्याच. बऱ्याच ठिकाणी दोन काचांच्या मध्ये धुरकट झालंय आणि उत्तरेच्या खोलीत खिडकीपाशी बसवत नाही. आईबाबा हिवाळ्यात त्याच खोलीत राहणार आहेत. एक कोटेशन डबल पेनचं (दोन काचांचं) आलंय, दुसरा विक्रेता ट्रिपलशिवाय बोलत नाही. त्याचा आकडा बराच मोठा, वर "आज सही केलीत तरच हा भाव". कुणी मार्गदर्शन कराल का?

---

आज सही करू नका. केलीच असेल, तर घरी येऊन केलेल्या विक्रीचा करार तिसऱ्या कामाच्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत रद्द करता येतो. तसा फेडरल नियमच आहे.

काचा दोन की तीन हे नंतर. आधी एनएफआरसीच्या (खिडक्यांची कामगिरी प्रमाणित करणाऱ्या संस्थेच्या) लेबलवरचा यू-फॅक्टर विचारा. तो जितका कमी, तितकी उष्णता कमी बाहेर जाते. आपल्या मिनेसोटासाठी एनर्जी स्टार या ऊर्जाबचतीच्या सरकारी मानांकनाची अट ०.२२ किंवा कमी अशी आहे. ऊन जास्त आत घेणाऱ्या खिडक्यांना थोडी सूट मिळते. आकडा संपूर्ण खिडकीचाच मागा. काही विक्रेते नुसत्या काचेच्या मध्यभागाचा सांगतात आणि तो कायम छान दिसतो, कारण उष्णता जास्त जाते ती कडांतून.

त्याहीआधी एक करा. वारा सुटलेल्या दिवशी उदबत्ती लावून खिडकीच्या कडेने हळूहळू फिरवा. उघडझाप होणाऱ्या पल्ल्यापाशी धूर हलला तर रबरी पट्ट्या गेल्यात. भिंत आणि लाकडी चौकट भेटतात तिथे हलला, तर फ्रेमच्या मागची फट नीट भरलेली नाही. आणि धूर काचेलगत शांतपणे खाली उतरत असेल, तर वारा बाहेरून येतच नाहीये. थंड काचेमुळे खोलीतलीच हवा गार होऊन खाली येतेय. चांगल्या काचेचा खरा फायदा तिथे होतो.

---

काका, आजच करून बघितलं. उत्तरेच्या खोलीत धूर चौकटीच्या कडेला चांगलाच हलतो. बाकी ठिकाणी नाही.

---

मग त्या खोलीत जुन्या फ्रेमच्या आत नवी खिडकी बसवून भागणार नाही. इन्सर्ट स्वस्त पडतो, पण मागची फट तशीच राहते, वर काच लहान होते. तिथे फुल-फ्रेम करा, म्हणजे जुनी चौकट काढून सगळंच नवं बसवा, आणि फटीत कमी फुगणारा खिडक्यांसाठीचा फोम भरणार हे करारात लिहून घ्या. शक्य असेल तर केसमेंट (बिजागरीवर दारासारखी उघडणारी खिडकी) घ्या: तिचा पल्ला रबरावर दाबून बसतो, वरखाली सरकणाऱ्यापेक्षा वारा कमी येतो. बाकीच्या खिडक्यांच्या फ्रेम शाबूत असतील तर सील गेल्याने मध्ये धुरकट झालेली काचेची युनिटंच बदलून मिळतात, पूर्ण खिडकीचा खर्च कशाला?

ट्रिपल पेन मी फक्त आईबाबांच्या खोलीत घेईन. काच आतून कमी गार राहते, म्हातारी माणसं जवळ बसू शकतात.

---

एक पुरवणी: ३० टक्के, कमाल ६०० डॉलरची फेडरल कर सवलत ३१ डिसेंबर २०२५ नंतर बसवलेल्या खिडक्यांना मिळत नाही. कोटेशनमध्ये ती वजा करून दाखवली असेल तर आकडा पुन्हा मांडून घ्या. वॉरंटीत काच बदलण्याची मजुरी धरलीय का, तेही विचारा.