'फ्रेटिंग'ला मराठीत काय म्हणावं?

बाळीवेस: डिप्लोमाच्या मुलांसाठी एक टिपण मराठीत करतोय आणि 'फ्रेटिंग'पाशी अडलोय. घट्ट बसवलेले दोन भाग कंपनाने जागच्या जागी सरकतात, तेही मायक्रॉनमध्ये मोजावं इतकंच. त्यातून पृष्ठभाग खराब होतो आणि तिथेच तडा धरतो. तो सांध्याखाली दडलेला असतो, म्हणून तापमानातला फरक टिपणारा थर्मल कॅमेरा लावतात. मी 'घर्षण-झीज' लिहिलं होतं. सहकारी म्हणाले, ती तर ब्रेकच्या लायनरचीही होते. त्यांचं बरोबर आहे.

जुना फिटर: यंत्रमागाच्या शाफ्टवर बेअरिंगच्या बैठकीत तांबूस भुकटी दिसली, की आमचे मुकादम म्हणायचे, "शाफ्ट खाल्लाय." पाणी न लागता झालेला गंज तो. 'खाणे' घ्या.

शब्दपाखरू: काका, मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थही खाणे हाच! जर्मन 'फ्रेसेन' त्याचं भावंड. मी 'कुरतड' सुचवते.

बाळीवेस: कुरतडीत हालचाल दिसत नाही, ताई. 'चुळबुळ' कसा वाटतो? जागा न सोडता हलणं.

तत्सम: चुळबुळ माणसाची असते. परिभाषेला 'सूक्ष्मकंप-क्षरण' हवा.

जुना फिटर: हा शब्द खात्यात कुणाच्या तोंडी बसणार नाही. क्षरण म्हटलं की मुलं नुसता गंज समजतील.

शब्दपाखरू: पण तुम्ही 'तडा' का लिहिलंत? तडा कपाला एकदम जातो. उन्हाळ्यात आमच्या काळ्या रानाला पडतात त्या भेगा, हळूहळू.

बाळीवेस: हे मात्र पटलं. पोलाद ताणलं की किंचित गार होतं, दाबलं की तापतं. ताणाच्या एका मेगापास्कलला (हे ताण मोजायचं एकक) अंशाच्या साधारण हजाराव्या भागाइतकाच फरक, म्हणून कॅमेऱ्याने भाराची असंख्य आवर्तनं टिपून सरासरी काढावी लागते. भेग उघडू लागली की तिच्या टोकाशी ताण एकवटतो आणि कॅमेऱ्याच्या चित्रात तेवढीच जागा वेगळी उठून दिसते. तुटण्याच्या कितीतरी आधी. म्हणजे सुरुवातीला भेगच म्हणायला हवं.

जुना फिटर: भेग टाचेला पडते. लोखंडाला तडाच. आम्ही बेअरिंग उतरवून शाफ्टला रॉकेल लावायचो, पुसायचो, वर खडूची भुकटी. आत मुरलेलं रॉकेल बाहेर येऊन बारीक रेघ उमटायची. सगळे तिला 'एअर क्रॅक' म्हणत. हवेचा काही संबंध नाही, 'हेअर'चं एअर झालेलं.

तत्सम: मग 'केशभेग' म्हणा.

शब्दपाखरू: 'केसभेग'! श कशाला?

जुना फिटर: केसतडा.