मदत हवी आहे: नवा मेटल डिटेक्टर तांबड्या मातीत पावलोपावली ओरडतो

नमस्कार मंडळी,

मी बेळगावात उद्यमबागेला लेथवर काम करतो. आठवडाभर लोखंड कापून हौस फिटत नाही म्हणून की काय, गेल्या महिन्यात ऑनलाइन एक मेटल डिटेक्टर मागवला. अकरा हजारांचा, एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणारा, गोल कॉइलचा (कॉइल म्हणजे जमिनीवरून फिरवायची तबकडी). गुप्तधन डोक्यात नाही, हे आधीच सांगतो. जुनी नाणी, बैलांच्या पत्र्या (खुरांचे नाल), घुंगरं असलं काही मिळालं तरी खूश.

आधी घरी लाकडी बाकावर वस्तू कॉइलसमोर फिरवून बघितल्या. आजीचा चांदीचा रुपया झकास वाजला, पडद्यावर धातूची ओळख सांगणारा आकडा नव्वदीच्या आसपास. बायकोची अंगठी मात्र सिगारेटच्या पाकिटातल्या चंदेरी कागदाच्या आकड्याशेजारी जाऊन बसली. आणि हल्लीचा एक रुपया? मशीन म्हणतं लोखंड! इथवर मजा होती.

मग रविवारी गावी गेलो. गाव खानापूर तालुक्यात, सगळी जांभ्याची तांबडी माती. भात कापून झालंय, शिवार मोकळं. कॉइल खाली नेली की बीप, वर उचलली की बीप. पहिल्या तासात चौदा खड्डे घेतले. मिळालं काय? एक खिळा, खताच्या पिशवीची तार आणि बाकी माती. एकदा तर बोटभर जांभ्याचा खडा उचलून कॉइलसमोर धरला, तर तोसुद्धा वाजला! तेच मशीन मलप्रभेच्या वाळूत नेलं, तर शहाण्यासारखं गप्प. तिथं बाटल्यांची बुचं अगदी अचूक दाखवली.

बांधावर काका उभे. "काय बा, हंडा गावला काय?" संध्याकाळपर्यंत पारावर हीच चर्चा. हलशी जवळ, कदंबांची राजधानी, त्यामुळे आमच्याकडे कुदळ घेऊन वाकलेला माणूस म्हणजे हंडेवालाच. दुसऱ्या दिवशी दोघं जण बघायलाही आले.

तर प्रश्न असे: मशीन खराब आहे की मातीच अशी आहे? सेन्सिटिव्हिटी किती ठेवावी? आणि लोखंड गाळायचं सेटिंग लावलं तर आपली आजची नाणीही सुटतील ना?

— तांबडीमाती

*

घाटमाथा: मशीन ठीक आहे. जांभ्यात लोखंडाचे ऑक्साइड ठासून भरलेले असतात, काही थोडे चुंबकीयही. कॉइलला ती मातीच धातूसारखी भासते, म्हणून तुमचा खडाही वाजला. यावर औषध म्हणजे ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मशीनला मातीचा आवाज सोडून द्यायला शिकवणं. तुमच्या मशीनला त्याचं बटण आहे का ते आधी बघा. स्वस्तातल्या काही मशीनांत तो कारखान्यातूनच ठरवलेला असतो. तसं असेल तर सेन्सिटिव्हिटी निम्म्यावर आणा, कॉइल दोन बोटं वर धरा आणि खोलीचा मोह सोडा.

बटण असेल तर धातू नसलेली जागा शोधा, बटण दाबून धरा आणि कॉइल जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंत सावकाश वरखाली करा. आवाज शांत झाला की सोडा. पन्नास पावलांवर माती बदलली की पुन्हा तेच. पाऊस पडून गेला तरी पुन्हा. आणि झोका मारताना टोकाला कॉइल उचलू नका. झाडू मारल्यासारखे हात वर जातात, नवशिक्यांची नव्वद टक्के बोंब तिथंच असते (हा आकडा माझ्या अंदाजाचा).

पुढे कधी कॉइल बदललीत तर डीडी घ्या (आत डी आकाराची दोन वेटोळी असलेली), तीही लहान. गोल कॉन्सेंट्रिक कॉइल (एकात एक गोल वेटोळी) अशा मातीत लवकर गोंधळते.

नाण्यांचं तुमचं बरोबर आहे. आत्ताचे एक-दोनचे रुपये स्टीलचे, चुंबकाला चिकटणारे, म्हणून लोखंडात जातात. मी तर गाळणी बंदच ठेवतो. त्याऐवजी आवाज ऐकतो: एका बाजूने वाजलं, तर नव्वद अंशात वळून आडवा झोका मारायचा. दोन्हीकडून सारखं वाजलं तरच खुरपं घ्यायचं. तार आणि खिळे बहुतेक वेळा एकाच बाजूने बोलतात.

*

कडोलीचा_पाहुणा: मोबाइल खिशात होता का? माझा खिशात असला की मशीनला हुडहुडी भरते. शिवाय पंपाची थ्री फेज लाइन डोक्यावर असेल तर तिथून लांब सरका.

*

काळाकोट: तांत्रिक कळत नाही, कायद्याचं सांगतो. जमीन काकांची असली तरी त्यांची परवानगी घ्या, नुसती "बघू दे की" नको. हलशीच्या देवळांच्या आसपास किंवा कुठल्याही संरक्षित स्मारकाच्या आवारात मशीन नेऊच नका. मातीत पुरलेलं काही मौल्यवान सापडलं तर घरी नेऊन फडताळात ठेवायचं नसतं. १८७८ च्या केंद्रीय कायद्यात दहा रुपयांहून जास्त किमतीच्या अशा वस्तूची खबर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी द्यावी लागते, आणि कर्नाटकाचा स्वतःचा १९६२ चा कायदाही आहे. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७२ चा पुरावस्तूंचा कायदा लागतो. एखाद-दुसरी पत्री निघाली तर कोणी विचारणार नाही, नाण्यांचा गठ्ठा निघाला तर फोटो काढा, जागेवरून हलवू नका आणि तहसीलदारांकडे जा.

*

तांबडीमाती: सगळ्यांचे आभार. बटण आहे! त्यावर फक्त "जीबी" लिहिलंय, मी त्याला मेमरी समजत होतो. आज पहाटे गावी जाऊन केलं. मोबाइल काकांकडे दिला, काका त्यावर कुस्ती बघत बसले.

शिवार एकदम गप्प झालं नाही, पण सततचं किंचाळणं थांबलं. सेन्सिटिव्हिटी सहावर ठेवली, आठवर नेलं की परत कलकलाट. पहिल्या तासात चार सिग्नल आले, चारही खणले. तार, पुन्हा तार, दहा पैशांचं लाटांच्या कडेचं अॅल्युमिनियमचं नाणं, आणि जुन्या खळ्याजवळ चार बोटांवर एक पत्री, निम्मी झिजलेली. पत्री काकांनी ओळखली, म्हणाले ही "ढवळ्या"चीच, आणि गोठ्याच्या खुंटीला अडकवली. वकीलसाहेब, त्यांची परवानगी आता तोंडी मिळालीय, वर "उद्या विहिरीकडं ये" असं आमंत्रणही.

घाटमाथा, एक राहिलं: माझ्या मशीनला दुसऱ्या कंपनीची लहान डीडी कॉइल बसेल का? प्लगला पाच पिना आहेत.