राजगडावर श्रमदान: तटातली झाडं काढावीत का?

सह्यपाऊल: दिवाळीनंतर आम्ही 15 जण राजगडावर जातोय. संजीवनी माचीच्या तटात उगवलेली झाडं काढायची आणि टाक्यांतला गाळ उपसायचा बेत आहे. कोयते, फावडी आहेत. आणखी काय न्यावं?

चुन्याचा_घाणा: फावडी घरीच राहू द्या. राजगड राज्य संरक्षित स्मारक आहे. पुरातत्त्व संचालनालयाची लेखी परवानगी आणि त्यांचा माणूस सोबत असल्याशिवाय गाळाला हात लावायचा नाही. खापरं, नाणी गाळात थराथराने बसलेली असतात. उपसून ढीग केला की कुठली वस्तू कुठल्या थरातली हे कायमचं पुसलं जातं. शिवाय 1878चा निखात निधी कायदा आहेच: सापडलेला ऐवज 10 रुपयांहून जास्त किमतीचा असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. (हो, दहाच.)

वड, पिंपळ, उंबर तर मुळीच ओढू नका. मूळ सांध्यात शिरून आत जाड झालेलं असतं, त्याच्याबरोबर तटाचा चिरा, म्हणजे घडीव दगडही सुटून येतो. नुसतं वरून छाटलं तर बुंध्याला चार धुमारे फुटतात आणि मूळ आणखी फुगतं. बुंधा कापून औषधाने मूळ मारायचं, मग पोकळी चुन्याने भरायची, हे जाणकारांचं काम. तुम्ही एक फोटो लांबून, एक जवळून काढा. मापासाठी शेजारी पाण्याची बाटली ठेवा आणि लोकेशनसह पुरातत्त्व विभागाला पाठवा.

सिमेंटची पिशवी तर कुणी नेत नाही ना? सिमेंट भिंतीतली ओल अडवतं. ती मग शेजारच्या जुन्या चुन्यातून वाट काढते आणि तोच भुसभुशीत होऊन गळतो.

रानजाई: कचरा उचला, तो भरपूर आहे. दोघांत एक गोणी आणि जाड हातमोजे, काचा असतात. बाटल्या कुणीही उचलतं. दगडांच्या फटीत राहतात ती गुटख्याची पाकिटं आणि बुचं. गोणी 5-6 किलोंवर भरू नका, चोर दरवाजाच्या वाटेने उतरताना हात मोकळे लागतात. वर काही जाळू नका, तेव्हा गवत वाळायला लागलेलं असतं. आणि गोण्या पायथ्याच्या गुंजवणे गावात टाकून निघू नका. ग्रामपंचायतीशी आधी बोला, नाहीतर गाडीत घालून न्या. जेवण मात्र गावातच सांगा.

सह्यपाऊल: पटलं. रात्री तटावर मशाली लावून फोटो काढले तर चालतील?

चुन्याचा_घाणा: नको. तेल दगडात मुरतं, काजळी पुसून जात नाही. रात्री थांबता येतं का, तेही आधी विचारून घ्या.

रानजाई: आणि धुराने आग्या मोहोळ उठतं ते वेगळंच.